आईच्या कफातला स्टॅफ गेला कुठे? फुप्फुसातल्या जंतूंची भांडणं आणि युती

ओलीपायवाट

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

आईला (वय ६८) ब्रॉन्किएक्टेसिस आहे. श्वासनलिका जागोजागी कायमच्या रुंद झाल्या आहेत, त्यांत कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. गेल्या ४ वर्षांत कफाचं कल्चर (कफातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी) ९ वेळा झालं. काल रात्री फाईल काढून सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. पहिल्या चारांत 'स्टॅफिलोकोकस ऑरियस'. पाचव्यात स्टॅफ आणि 'स्युडोमोनास एरुजिनोसा' दोघेही. सहाव्यापासून नुसता स्युडोमोनास. मधल्या काळात स्टॅफसाठी म्हणून वेगळं औषध दिलेलं नाही. मग तो गेला कुठे?

दुसरा प्रश्न. डॉक्टरांनी आठवड्यातून ३ दिवस अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलंय, तेही महिनोन्‌महिने घ्यायचं. रिपोर्टातल्या सेन्सिटिव्हिटीच्या यादीत (जंतूवर कोणती औषधं चालतात त्या यादीत) त्याचं नावच नाही. लॅबच्या काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "ते स्युडोमोनासवर चालत नाही, म्हणून लावत नाही." चालत नाही तर द्यायचं कशाला? आणि गंमत म्हणजे आईला त्याने खरंच बरं वाटतंय. वर्षातून ४-५ वेळा अंथरूण धरायची, या वर्षी एकदाच.

डॉक्टरांची पुढची तारीख ३ आठवड्यांनी आहे. तोवर नीट समजून घ्यायचंय. औषध बदलण्याचा सल्ला मागत नाहीये, आत काय चाललंय ते कळायला हवंय.

चाफा_९

वाचतेय. माझ्या सासऱ्यांच्या रिपोर्टातही असंच झालं होतं, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

बाभूळ

ताई, स्टॅफ मेला असेल. एक जंतू कमी झाला, आनंद माना. माझ्या समजुतीप्रमाणे निरोगी फुप्फुस निर्जंतुक असतं, आजारात एखादा जंतू घुसतो, त्याला मारलं की माणूस बरा होतो. जंतूंची युती वगैरे ऐकायला छान वाटतं, पण उपचारात त्याने काय फरक पडतो?

प्लेटवाली

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये २२ वर्षं काम करते. रिपोर्टावर नाव येतं कसं ते आधी सांगते, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

नमुना आला की आधी स्लाईड करून बघतो. लहान भिंगाखाली एका नजरेच्या टप्प्यात तोंडातल्या चपट्या पेशी १० पेक्षा कमी आणि पांढऱ्या पेशी २५ पेक्षा जास्त असतील तर तो छातीतला कफ. उलटं असेल तर ती थुंकी, आणि थुंकीचं कल्चर करून हाती काही लागत नाही. मग प्लेट लावतो, म्हणजे जंतूंचं खाद्य घातलेल्या बशीवर कफ पसरतो. दुसऱ्या दिवशी स्युडोमोनास असेल तर झाकण उघडायच्या आधीच कळतं. हिरवट निळी झाक आणि द्राक्षांसारखा गोडसर वास. आईंचा आजार जुना आहे, म्हणजे कॉलन्या (प्लेटवर दिसणारे जंतूंचे पुंजके) बहुधा म्यूकॉइड, म्हणजे बुळबुळीत असतील. त्या इतक्या चिकट असतात की तारेचं लूप उचललं की मागे तार सुटते. अशा कॉलन्या एकमेकींत वाहत जाऊन सगळी प्लेट व्यापतात.

आता त्या चिखलाखाली स्टॅफच्या चार कॉलन्या असतील तर दिसतील का? म्हणून चांगल्या लॅबमध्ये स्टॅफसाठी मिठाची वेगळी प्लेट लावतात. तेवढ्या मिठात स्युडोमोनास वाढत नाही, स्टॅफ वाढतो. सगळीकडे ती लावली जातेच असं नाही. तेव्हा 'स्टॅफ सापडला नाही' आणि 'स्टॅफ नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, ताई.

बाभूळ यांच्यासाठी एक गोष्ट. जंतू एकमेकांना मदत करतात हे मी डोळ्यांनी पाहते, त्याला संशोधन लागत नाही. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हा जंतू साध्या रक्ताच्या प्लेटवर वाढत नाही, कारण त्याला लागणारे दोन घटक तांबड्या पेशींच्या आत असतात. पण त्याच प्लेटवर स्टॅफची एक रेघ ओढा. स्टॅफ तांबड्या पेशी फोडतो, शिवाय त्यातला एक घटक स्वतःही बाहेर सोडतो. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दवाच्या थेंबांसारख्या बारीक कॉलन्या उभ्या असतात. रेघेपासून जरा लांब गेलं की काही नाही. नव्या मुलींना ही प्लेट मी पहिल्याच आठवड्यात दाखवते.

सूक्ष्मदर्शी

प्लेटवालीताईंचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. याच विषयावर पीएचडी केली आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

स्टॅफ आधी आणि स्युडोमोनास नंतर, हा क्रम सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (जन्मजात आजार, त्यात फुप्फुसातला कफ फार घट्ट होतो) ठळक दिसतो. तिथे लहानपणी स्टॅफ असतो आणि वय वाढतं तसा स्युडोमोनास बस्तान बसवतो. दोघांचं जमत नाही. स्युडोमोनास 'लासए' नावाचं विकर सोडतो, ते स्टॅफच्या भिंतीतले ग्लायसिनचे पूल कापतं आणि स्टॅफ फुटतो. फुटलेल्या पेशींतलं लोहही स्युडोमोनास वापरतो. शरीराने लोह आधीच लपवून ठेवलेलं असतं, मोकळं लोह जवळपास नसतंच, त्यामुळे ही लूट त्याला फार मोलाची.

दुसरं हत्यार एचक्यूएनओ नावाचं रसायन. ते स्टॅफच्या पेशीतलं श्वसन अडवतं. स्टॅफ त्याने लगेच मरत नाही. श्वसनावाचून, आंबवण्यावर, हळूहळू जगणारे स्टॅफ मागे उरतात. प्लेटवर त्यांच्या कॉलन्या नेहमीच्या स्टॅफच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या, टाचणीच्या टोकासारख्या, आणि त्या यायला दोन-तीन दिवस लागतात. २४ तासांत प्लेट वाचून टाकून दिली तर स्टॅफ 'गेला'.

आता यातली काळजीची गोष्ट. टोब्रामायसिनसारखी अँटिबायोटिक औषधं जंतूच्या पेशीच्या आत शिरायला पेशीचं श्वसन चालू असावं लागतं. ज्याचं श्वसनच बंद, त्याच्यात औषध पुरेसं जात नाही. म्हणजे स्युडोमोनासने स्टॅफवर हल्ला केला आणि त्या हल्ल्यानेच स्टॅफला औषधापासून वाचवलं. २००६ साली हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. तुमच्या आईंना नेब्युलायझरमधून टोब्रामायसिन चालू असेल तर हा मुद्दा डॉक्टरांसमोर मांडा.

अर्धविराम

म्हणजे शेजाऱ्याने घराची वीज तोडली आणि चोराला वाटलं घरात कोणी राहतच नाही, तसं.

सूक्ष्मदर्शी

@अर्धविराम, अगदी तसंच. हे मी पुढच्या व्याख्यानात वापरणार, परवानगी असू द्या.

बाभूळ

ठीक आहे, लपला असेल हे मान्य. पण माझा मूळ मुद्दा राहिलाच. फुप्फुस निर्जंतुक असतं की नाही? पुस्तकात तर तसंच होतं.

स्टेथो

छातीचा डॉक्टर आहे. बाभूळ, आम्हीही तेच शिकलो होतो. झोपेत आपण सगळेच तोंडातली लाळ सूक्ष्म प्रमाणात श्वासनलिकेत ओढतो. तिच्याबरोबर प्रिव्होटेला, व्हेलोनेला असे तोंडातले जंतू खाली जातात. निरोगी माणसात श्वासनलिकेचे रोम (केसांसारखे बारीक धागे) आणि खोकला त्यांना वर ढकलतात, उरलेसुरले मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशी गिळतात. येणारे येत राहतात, जाणारे जात राहतात, ठाण मांडून कोणी बसत नाही. फुप्फुस आजारी पडलं की आधी बिघडतं ते हे जाणं. २०१० साली दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांच्या रुग्णांच्या श्वासनलिका डीएनए तपासून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यात हिमोफिलसच्या गटातले जंतू जास्त आणि प्रिव्होटेला कमी आढळले.

बाभूळ

पण डीएनए तर मेलेल्या जंतूचाही सापडतो ना? आणि फुप्फुसात जंतू इतके कमी असतील तर तपासणीच्या किटमधलाच डीएनए मोजला जाण्याचा धोका आहे. हे मी कुठेतरी वाचलंय.

सूक्ष्मदर्शी

बाभूळ, हा आक्षेप रास्त आहे आणि आमच्या क्षेत्राने तो फार उशिरा मनावर घेतला. किटमध्ये, पाण्यात जंतूंचा डीएनए असतो आणि नमुना जितका विरळ तितका तो जास्त उठून दिसतो. २०१४ नंतर रिकाम्या नमुन्यांची तपासणी सोबत जोडल्याशिवाय अशा निकालांवर विश्वास ठेवणं कठीण झालं, आणि ते योग्यच झालं. निरोगी फुप्फुसाबद्दलचे मोठे दावे मीही जपूनच वाचतो. आजारी फुप्फुसाचं तसं नाही. एक मिलिलिटर कफात कोटी-कोटी जंतू असतात, तिथे किटमधल्या चिमूटभर डीएनएने चित्र बदलत नाही.

दीर्घश्वास

मी स्वतः ११ वर्षं ब्रॉन्किएक्टेसिस घेऊन जगतोय. ओलीपायवाट, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मला एक विचारायचंय. कफ हिरवा झाला की मी घाबरतो. हिरवा म्हणजे स्युडोमोनास का? त्याचा रंग हिरवाच असतो असं प्लेटवालीताईंनी लिहिलंय.

प्लेटवाली

नाही हो दादा. प्लेटवरचा हिरवा रंग जंतूचा, कफातला हिरवा रंग बहुतांशी तुमच्याच पांढऱ्या पेशींचा. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवं विकर असतं. न्यूट्रोफिल जितके जास्त आले आणि फुटले, तितका कफ हिरवा. आत जुंपली आहे एवढं त्यावरून कळतं, कोणाशी जुंपली आहे ते कळत नाही. नेहमीपेक्षा रंग गडद झाला, कफ वाढला, धाप वाढली तर नमुना द्या, आणि तो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या.

सूक्ष्मदर्शी

दीर्घश्वास यांच्या प्रश्नामुळे धागा शरीराकडे आला हे फार बरं झालं. आपण आत्तापर्यंत जंतू विरुद्ध जंतू एवढंच बोलत होतो, आणि माझ्या मते खरी मेख तिथे नाहीच.

माझं मत ज्या प्रयोगाने बदललं तो सांगतो. न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) आणि हिमोफिलस एका नळीत वाढवले तर न्यूमोकोकस जिंकतो. तो हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो आणि हिमोफिलस मरतो. सरळ हिशेब. मग हेच दोघं उंदरांच्या नाकात एकत्र सोडले. तिथे निकाल उलटा! हिमोफिलस टिकला, न्यूमोकोकस साफ झाला. असं का व्हावं? तर हिमोफिलसची चाहूल लागून जे न्यूट्रोफिल धावून आले, त्यांनी न्यूमोकोकसला गिळलं. उंदरांतले न्यूट्रोफिल काढून टाकले तेव्हा हिमोफिलसचा हा विजय उरला नाही. हे २००५ सालचं काम. एका जंतूने दुसऱ्याचा काटा काढला तो शरीराच्या हाताने.

तेव्हापासून नळीतली झुंज बघून फुप्फुसात कोण जिंकेल याचं भाकीत मी करत नाही. अमुक जंतू तमुकाला मारतो, म्हणून तो सोडून आजार बरा करू, अशा बातम्या येतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच शोधतो की प्रयोगात शरीर होतं का.

निळीशाई

माझ्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे, आता १९ वर्षांचा आहे. या धाग्यावर जे चाललंय ते आम्ही घरात रोज जगलोय, म्हणून लिहितेय.

तो लहान असताना मला एकच धास्ती होती, स्युडोमोनास. कल्चर स्वच्छ आलं की मी रडायचे, आनंदाने. पुढे तो आलाच. मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की हे जंतू सुटे सुटे तरंगत नाहीत, गुठळ्या करून राहतात, भोवती स्वतःच्या लेपाचं आवरण घेऊन, आणि न्यूट्रोफिल बाहेर वेढा घालून बसतात पण आत पोचत नाहीत. उलट ते मरतात तेव्हा त्यांचा डीएनए बाहेर सांडतो आणि कफ आणखी चिकट होतो. माझ्या मुलाला तो डीएनए कापणारं औषध, डॉर्नेज, वाफेतून रोज दिलं जायचं. आपल्याच सैनिकांचा मलबा उपसायचं औषध. ते ऐकल्यावर त्या नेब्युलायझरकडे बघायची माझी नजरच बदलली.

गेली काही वर्षं तो नवीन तीन औषधांच्या गोळीवर आहे, ज्या प्रथिनात बिघाड आहे त्यालाच सुधारणाऱ्या. पहिल्या आठवड्यातच कफ इतका सुटला की आम्ही घाबरलो. मग थांबलाच. आता कल्चरला द्यायला कफ मिळत नाही, घशाचा स्वॅब घेतात. जंतू मारणारं यात काहीच नाही, फक्त राहायची जागा बदलली. तरी डॉक्टर सांगतात की स्युडोमोनासची संख्या पुष्कळ उतरली तरी जुन्या आजारात तो बहुतेकांतून पूर्ण जात नाही.

दीर्घश्वास

निळीशाई ताई, वाचून डोळे भरले. मुलाला खूप शुभेच्छा.

ते डीएनए कापणारं औषध मला कधी कोणी दिलं नाही. मागू का?

स्टेथो

दीर्घश्वास, कृपया मागू नका, आणि कारण नीट वाचा. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये डॉर्नेज उपयोगी आहे. पण इतर कारणांनी झालेल्या ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये त्याची मोठी चाचणी झाली, १९९८ मध्ये निष्कर्ष आले, आणि त्यात औषध घेणाऱ्यांना त्रासाचे झटके जास्त आले. कफ तसाच दिसतो, जंतू तेच, तरी शरीर वेगळं म्हणून निकाल वेगळा. सूक्ष्मदर्शी म्हणतात ते मी रुग्णांत असं पाहतो.

आणि ओलीपायवाट, आता तुमच्या अझिथ्रोमायसिनकडे येतो. या उपचाराचं मूळ जपानमध्ये आहे. तिथे डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस नावाचा आजार होता, बारीक श्वासनलिका सुजायच्या, शेवटी स्युडोमोनास यायचा आणि बरेच रुग्ण काही वर्षांत जायचे. १९८० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी कमी मात्रेत एरिथ्रोमायसिन दीर्घकाळ दिलं आणि रुग्ण जगू लागले, स्युडोमोनास असलेलेसुद्धा. जे औषध त्या मात्रेत स्युडोमोनासला मारूच शकत नाही त्याने! अझिथ्रोमायसिन त्याच घराण्यातलं. २०१२-१३ मध्ये ब्रॉन्किएक्टेसिसवर चांगल्या चाचण्या झाल्या, त्यांत झटके स्पष्टपणे कमी झाले.

ते दोन बाजूंनी काम करतं. एक, न्यूट्रोफिलना बोलावणारे निरोप कमी करतं, म्हणजे वेढा सैल होतो आणि श्वासनलिकेच्या भिंतीची झीज घटते. दुसरं सूक्ष्मदर्शींनी सांगावं, ते जंतूंच्या आपापसातल्या बोलण्याबद्दल आहे.

सूक्ष्मदर्शी

सांगतो. स्युडोमोनास एकटा असताना विष, विकरं यांवर शक्ती खर्च करत नाही. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू बाहेर सोडत राहते. आजूबाजूला पेशी वाढल्या की रेणूची पातळी वाढते, आणि एका पातळीवर सगळ्या पेशी एकदम कामाला लागतात, विकरं, विष, लेप. सभेला गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव येत नाही ना, तेच. इंग्रजीतही याला गणपूर्तीवरूनच नाव पडलंय. १९७० साली समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंत हे पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं. ते जिवाणू पुरेशी गर्दी झाल्यावरच चमकतात.

अझिथ्रोमायसिन मारक पातळीच्या खूप खाली असतानाही स्युडोमोनासची ही गणपूर्ती बिघडवतं, त्याचा लेप कमी होतो, हालचाल मंदावते. सेन्सिटिव्हिटीसाठी प्लेटवर ठेवलेली औषधाची चकती मात्र एकच गोष्ट तपासते, वाढ थांबली का. वाढ थांबत नाही, म्हणून 'चालत नाही'. ताई, काउंटरवरच्या माणसाचं उत्तर त्याच्या प्रश्नापुरतं बरोबर होतं. तुमच्या डॉक्टरांचा प्रश्न वेगळा होता.

पेन्सिल

फार छान चर्चा. अवांतर विचारते, विषाणूंचं काय? माझ्या आजीचा न्यूमोनिया साध्या फ्लूनंतर आठवड्याने झाला होता. ताप उतरला होता, आम्ही निर्धास्त झालो होतो, आणि मग एकदम बिघडलं. ती गेली त्यात.

स्टेथो

पेन्सिल, वाईट वाटलं वाचून. तुम्ही सांगताय तो क्रम ओळखीचा आहे. १९१८ च्या साथीतल्या जतन केलेल्या शवविच्छेदनांचे नमुने २००८ मध्ये पुन्हा तपासले, तर बहुतेकांत जिवाणूंचा न्यूमोनिया होता. फ्लूच्या विषाणूचं एक विकर पेशींवरच्या साखरेचं टोक कापतं आणि न्यूमोकोकसला चिकटायला जागा उघडी होते. रोम असलेल्या पेशी झडतात, झाडलोट थांबते. आणि विषाणूशी लढताना शरीर जे इंटरफेरॉन हे प्रथिन सोडतं त्याने वायुकोशांतल्या मॅक्रोफेजची जिवाणू गिळायची ताकद काही दिवस मंदावते. बरं वाटायला लागतं नेमक्या त्याच दिवसांत दार उघडं असतं. म्हणून फ्लू उतरल्यावर पुन्हा ताप आला तर थांबू नये. जुना फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी फ्लू आणि न्यूमोकोकस दोन्ही लशींबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

चाफा_९

बुरशी राहिली. सासऱ्यांना जुन्या टीबीच्या पोकळीत ॲस्परजिलस या बुरशीचा गोळा निघाला होता, खोकल्यातून रक्त यायचं. टीबी बरा होऊन १५ वर्षं झाली होती.

सूक्ष्मदर्शी

चाफा_९, ते एका जंतूने दुसऱ्यासाठी मागे ठेवलेलं रिकामं घरच. टीबीचा जिवाणू गेला, पोकळी राहिली, हवेतल्या बुरशीला ती आयती मिळाली.

स्युडोमोनास आणि ॲस्परजिलस यांचं नातं दुपेडी आहे. जवळ असतील तर स्युडोमोनास लोह पळवतो, निळ्या रंगद्रव्याने बुरशीची वाढ रोखतो. पण तो सोडत असलेल्या डायमिथाइल सल्फाइड या वायूने लांबवरची बुरशी जोमाने वाढते, असं २०१६ मध्ये दिसलं. कँडिडा या दुसऱ्या बुरशीचंही तसंच. ती धाग्यांसारखी वाढते तेव्हा स्युडोमोनास तिच्यावर चढून मारतो, गोल यीस्टच्या रूपात असते तेव्हा तिला हातही लावत नाही. अंतर बदललं, रूप बदललं की वैऱ्याचा सोबती होतो.

बाभूळ

मी सुरुवातीला 'उपचारात काय फरक पडतो' असं विचारलं होतं. डॉर्नेज आणि अझिथ्रोमायसिन वाचून तो प्रश्न मागे घेतो. पण एक शंका आहे. अझिथ्रोमायसिन इतकं चांगलं तर ब्रॉन्किएक्टेसिस असलेल्या सगळ्यांनाच का देत नाहीत?

स्टेथो

कारण तेही जंतूंच्या घरात ढवळाढवळ करतंच. एरिथ्रोमायसिनच्या चाचणीतल्या नमुन्यांचा नंतर अभ्यास झाला. ज्यांच्या कफात आधीपासून स्युडोमोनासचं राज्य होतं त्यांचं समीकरण फारसं हललं नाही आणि झटके कमी झाले. ज्यांच्यात हिमोफिलसचं राज्य होतं त्यांच्यात हिमोफिलस घटला आणि स्युडोमोनास वर आला. एकाला हटवलं की जागा मोकळी राहत नाही.

शिवाय हृदयाच्या ठोक्यांवर आणि ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी ईसीजी. आणि टीबीच्या कुटुंबातले पण टीबी नसलेले मायकोबॅक्टेरिया कफात नाहीत याची खात्री करायची, कारण त्यांच्यावरच्या उपचारात हे घराणं मुख्य औषध आहे. एकटं दिलं तर ते जंतू त्याला दाद देईनासे होतात. ओलीपायवाट, ही तपासणी झालीय का, एवढं फाईलमध्ये बघा.

ओलीपायवाट

किती लिहिलंत सगळ्यांनी! सगळे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. 'शेजाऱ्याने वीज तोडली' हे तिला फार आवडलं.

स्टेथो, फाईल पाहिली. ईसीजी आहे. मायकोबॅक्टेरियाची तपासणी औषध सुरू करायच्या आधी झाली होती, ६ आठवड्यांचं कल्चर, निकाल निगेटिव्ह. मला तेव्हा वाटलं होतं टीबीचीच काढतायत. नेब्युलायझरमधून टोब्रामायसिनही आहे, एक महिना सोडून एक महिना.

प्लेटवालीताई, नमुना देताना चिठ्ठीवर काय लिहायला सांगू?

प्लेटवाली

डॉक्टरांना सांगा की मागणीच्या कागदावर 'जुना स्युडोमोनास, स्टॅफही शोधावा, प्लेट ७२ तास ठेवावी' असं लिहून द्या. रुग्णाने तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं, कागदावरचं टेबलापर्यंत येतं. नमुना सकाळचा, तोंड साध्या पाण्याने खळखळून, छातीची फिजिओ झाल्यावर. दोन तासांत पोचवा. उशीर झाला तर स्युडोमोनास वाटेतच वाढतो आणि नाजूक असलेले मरतात, मग आम्ही तुमच्या आईंच्या छातीतलं कमी आणि डबीतलं जास्त वाचतो.

दीर्घश्वास

फिजिओबद्दल दोन शब्द. मी रोज सकाळ-संध्याकाळ २० मिनिटं करतो. श्वास रोखायचा, सोडायचा, मग 'हफ', म्हणजे तोंड उघडं ठेवून जोराने श्वास बाहेर टाकायचा. ११ वर्षांत औषधं बदलली, ही सवय बदलली नाही. ज्या दिवशी टाळतो त्याच्या तिसऱ्या दिवशी कळतं. वर स्टेथोंनी लिहिलं की बिघडतं ते जाणं, तेव्हा मला माझ्या त्या वीस मिनिटांचा अर्थ लागला.

ओलीपायवाट

जवळपास महिन्याने परत येतेय, डॉक्टरांना भेटून आलो.

त्यांनी कागदावर सगळं लिहून दिलं. लॅबने प्लेट ३ दिवस ठेवली, मिठाचीही लावली. स्टॅफ नाही आला, बारीकही नाही. पण स्युडोमोनास दोन तऱ्हांचा आला, एक तार सुटणारा चिकट आणि एक साधा कोरडा, आणि दोघांची सेन्सिटिव्हिटी वेगळी. याआधीच्या सगळ्या रिपोर्टांत एकच लिहिलेला असायचा. डॉक्टर म्हणाले की बहुधा एकाच घरातले दोघं असावेत, वर्षानुवर्षं राहून बदललेले, आणि चकतीवरच्या निकालापेक्षा आईची तब्येत काय सांगते याला ते जास्त वजन देतील. अझिथ्रोमायसिन चालू ठेवलंय. कानांची तपासणी लिहून दिलीय, ती पुढच्या आठवड्यात.

स्टॅफचा नमुना ३ महिन्यांनी पुन्हा देणार आहोत. आईने डबीवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, 'फिजिओनंतर'.

सूक्ष्मदर्शी

दोन तऱ्हा वेगळ्या नोंदवल्या ही त्या लॅबची मोठी गोष्ट आहे, त्यांना धन्यवाद कळवा. आणि एका नमुन्यात स्टॅफ न येणं म्हणजे तो नाहीच असं अजून धरू नका. ३ महिन्यांनंतरचा रिपोर्ट इथे नक्की लिहा.

प्लेटवाली

मीही वाट बघतेय. कोरड्या कॉलनीला वास कसा होता, विचारलंत का त्यांना?